विझवलेल्या शेकोटीतली शेणी

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षे वाचत आले आहे — पण फक्त वाचत. एखाद्या लेखाखाली दोन ओळींची प्रतिक्रिया द्यायची म्हटली तरी ती पुन्हा पुन्हा लिहून शेवटी खोडून टाकायची, असा माझा स्वभाव. त्यामुळे स्वतःचा अनुभव लिहायला बसताना संकोच होतो आहे. दुसरे कारण जास्त अडचणीचे आहे. इथल्या बहुतेक घटना वाचताना मी मनातल्या मनात त्यांचे खुलासे शोधत असे, आणि ते बहुधा सापडतही. माझ्या स्वतःच्या घटनेचा खुलासा मात्र मला अजून सापडलेला नाही... वाचकांपैकी कुणाला सापडला तर तो मला मनापासून हवा आहे.

आधी माझ्याविषयी थोडे. आम्ही निपाणीचे, बौद्ध कुटुंब. आजोबांची पिढी दुसऱ्यांच्या तंबाखूच्या रानात राबली, आईने विड्या वळल्या, आणि मी बेळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. अंगारा, उतारा, बाहेरची बाधा हे शब्द वडिलांनी घरात येऊ दिले नाहीत. कुणी काही सांगू लागले की ते शांतपणे विचारत, "तू सोता बघिटलास काय?" — आणि विषय तिथेच संपे. माझा अशा गोष्टींवर विश्वास कधीच नव्हता, तो बसावा असे वळणही घराला नव्हते.

ज्वलनाला इंधन, प्राणवायू आणि पुरेशी उष्णता लागते, हे मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवत आले. पण लाकडाचा विस्तव मी स्वतः पन्नाशी उलटेपर्यंत एकदाही पेटवला नव्हता. आईने मला चुलीजवळ येऊच दिले नाही. "पुस्तक घिऊन तिकडं बस," एवढेच ती म्हणायची. पुढे हॉस्टेल, मग गॅस. प्रयोगशाळेत बर्नर होता, पण तो चावी फिरवली की पेटतो.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आणि मी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी जाऊ लागले. तिथे शकुंतला आक्कांची ओळख झाली. आक्का बेळगावजवळच्या मच्छे गावच्या, शेतकरी घरातल्या, शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या. साठी ओलांडलेली, अंगाने थोराड, आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चालणारी माणसेही ताठ व्हावीत. मी कोपऱ्याकोपऱ्याने चालते हे त्यांनी पाहिले आणि एक दिवस सरळ माझ्या वाटेत येऊन उभ्या राहिल्या.

"काय गं, भित्तीला घासून का चालतीस? मैदान काय भाड्यानं घेतलंय का कुणी?"

त्या दिवसापासून मी त्यांच्या बरोबरीने चालू लागले. हळूहळू राजहंसगड, काकतीचा डोंगर असे फिरणेही सुरू झाले. मला शेकोटी पेटवता येत नाही हे कळल्यावर आक्कांना हसू आवरेना.

"केमिस्ट्रीची प्रोफेसर, आन् काडी वडाय येत न्हाय? मी पोरींची इतकी शिबिरं घेटली, पाचवीतली पोरगी जाळ करायची! ते काय न्हाय. शिकायचं."

आक्कांची भाची पल्लवी ही माझी जुनी विद्यार्थिनी, आता बँकेत आहे. तिच्या सासरची जांबोटीच्या अलीकडे काजूची बाग आहे. सासरच्यांची परवानगी घेऊन डिसेंबरातल्या एका रविवारी तिथे जायचे ठरले. दिवसभर राहायचे, शेकोटीवर चहा करायचा, अंधारायच्या आत परत.

जाण्यापूर्वी मी निपाणीला आईला फोन केला. आई आता ऐंशीच्या घरात आहे, माझ्या भावाकडे राहते. ऐकू चांगले येते, आणि बोलणे त्याहून चांगले.

"इस्तू पेटवाय शिकाय चाललीस?" ती म्हणाली. "तुला चुलीफुडं बसू दिली न्हाय म्या, पोरगी शिकू दे म्हणून. आता शिकूनसवरून चुलीकडंच चाललीस व्हय गं?"

"चूल नाही आई, शेकोटी. पेटवायची, आणि नंतर नीट विझवायची. विझवणं जास्त महत्त्वाचं असतं म्हणे."

"इझवायची?" आई म्हणाली. "तुझ्या आज्जीनं ऐकलं आसतं तर मुस्काडात दिली आसती तुझ्या."

इथे आजीची हकिकत सांगायला हवी. ही माझी वडिलांकडची आजी. मी जन्मण्यापूर्वीच ती गेली, त्यामुळे मी तिला पाहिलेले नाही. ती तरुण असताना त्यांच्या खेड्यात घरोघरी काडेपेटी नसायची. चूल विझली की बायका शेजारच्या घरून शेणीच्या, म्हणजे गोवरीच्या, तुकड्यावर विस्तव आणत. आमच्या वस्तीतल्या बायकांना गावातल्या अंगणाच्या कडेला उभे राहावे लागे आणि निखारा लांबून फेकला जाई. एकदा असा फेकलेला निखारा आजीच्या पायावर पडला, आणि पडवीत बसलेली माणसे हसली. आजीने तो उचललाच नाही. त्यानंतर ती विस्तवासाठी कुणाच्याही दारात गेली नाही. कुठूनशी काडी मिळवून तिने चूल पेटवली, ती पुन्हा विझू दिली नाही. रोज निजायच्या आधी पेटलेली शेणी राखेत पुरायची, सकाळी उकरून फुंकायची. याला आमच्याकडे इस्तू झाकणे म्हणत. मग वस्तीतल्या बायका तिच्याकडे येऊ लागल्या. तिने कधी कुणाला निखारा फेकून दिला नाही. उठून, पुढे होऊन, त्यांच्या शेणीवर ठेवला. आई सून म्हणून आली तेव्हा तिला पहिले काम शिकवले गेले ते हेच. निपाणीत राहायला आल्यावर स्टोव्ह आला आणि हे सारे संपले.

मी हे लहानपणापासून आमच्या घराचा इतिहास म्हणून ऐकत आले होते. त्यात गूढ काही नव्हते, अभिमान होता. फोन ठेवल्यावर ते माझ्या मनात राहिले असेही नाही.

रविवारी सकाळी पल्लवीच्या गाडीने निघालो. पिरनवाडी सोडल्यावर आक्कांनी नियम सांगायला सुरुवात केली, ते बाग येईपर्यंत चालले. मी खरोखरच मन लावून ऐकले. बागेपर्यंत गाडी जात नाही. कच्चा रस्ता जिथे संपतो तिथे ती ठेवून टेकाड चढावे लागते. बाग उतारावर आहे, काजूच्या सरळ ओळी, सगळ्या एकसारख्या. खाली दाट झाडीतून एक ओढा वाहतो. राखणदार कुटुंबासह एका लग्नाला गेला होता. मोबाइलला रेंज नव्हती. दोन दिवसांपूर्वी अवकाळी पाऊस झाल्याने जमीन अजून दमट होती.

आक्कांनी झाडांपासून दूर एक मोकळी जागा निवडली. भोवतीचा पालापाचोळा झाडून घेतला आणि खुरपे माझ्या हातात दिले.

"खड्डा तू काढायचास. वीतभर खोल. दुसऱ्यानं खणलेल्या खड्ड्यात शिकणं न्हाय."

तो खड्डा मी स्वतः खणला, हे मुद्दाम नोंदवते. तांबडी, घट्ट, कोरी माती होती. राख, कोळसा, जुन्या चुलीची खूण — काहीही नव्हते. भोवती मी दगड लावले. मग सरपण गोळा केले: अगदी बारीक काटक्या, बोटाएवढ्या फांद्या आणि मनगटाएवढी लाकडे, असे वेगवेगळे ढीग. सगळे काजूचे आणि बांधावरच्या ॲकेशियाचे.

माझी पहिली रचना फारच नीटनेटकी झाली. काटक्या एकीला एक लावून मी पुस्तकांसारख्या रचल्या होत्या. काडी ओढली, कागद जळाला, आणि धूर काढून सगळे शांत झाले.

"मॅडम, हवा?" पल्लवी हळूच म्हणाली. वर्गात मीच तिला हा प्रश्न विचारलेला होता.

"कपाटात साड्या लावल्यागत लावलीस की गं," आक्का म्हणाल्या. "सैल ठेव. त्येलाबी श्वास घ्यायचाय."

बऱ्याच काड्या वाया घालवून शेवटी जाळ झाला. दमट लाकूड धुमसत होते, डोळ्यांतून पाणी येत होते, पण चहा झाला आणि तो मी पेटवलेल्या विस्तवावर झाला. मला केवढा आनंद झाला, हे सांगितले तर हसाल.

दुपार कलल्यावर विझवण्याचा धडा झाला. ही पद्धत सविस्तर सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. आधी लाकडे वेगळी करायची. मग पाणी ओतायचे, काठीने तळापर्यंत ढवळायचे, पुन्हा पाणी ओतायचे. चुरचुर आवाज थांबला तरी थांबायचे नाही. शेवटी उलटा हात राखेजवळ न्यायचा, धग नाही असे वाटले तर राखेत बोटे घालायची. मी विद्यार्थिनीच्या प्रामाणिकपणाने हे सगळे केले. बरोबर आणलेले दोन्ही कॅन रिकामे केले. खड्ड्यात काळा रेंदा झाला. मी त्यात तळापर्यंत बोटे फिरवली. गार होता. आक्कांनी स्वतः हात घालून पाहिले.

"पास," त्या म्हणाल्या.

कॅन पुन्हा भरून घ्यावेत म्हणून आम्ही ओढ्यावर उतरलो. आक्कांना अडवणारे कुणी नव्हते. त्या पहिल्याच दगडावर पुढे झाल्या, शेवाळावरून पाय सरकला आणि त्या छातीपर्यंत पाण्यात गेल्या. बाहेर काढले तेव्हा उजवा घोटा सुजू लागला होता. त्यांना दोन्ही बाजूंनी धरून, बसवत, उठवत मोकळ्या जागेपर्यंत आणण्यातच आमची शक्ती संपली. त्यापुढे गाडीपर्यंत नेणे आम्हा दोघींच्या आवाक्यात नव्हते.

गाडी मला चालवता येत नाही. म्हणून पल्लवीने गावात जाऊन माणसे आणायची, असे ठरले.

"मॅडम, मोठा जाळ करून ठेवा," ती निघताना म्हणाली. "अंधारात या ओळींतनं मलापण जागा सापडायची नाही. जाळ दिसला की आम्ही सरळ येतो. आणि मावशीला शेकत ठेवा."

तिने हे इतक्या विश्वासाने म्हटले की मी नुसती मान हलवली.

ती गेल्यावर आक्कांनी ट्रॅकपँटच्या खिशातून काडेपेटी काढली. 'काडेपेटी अंगावर ठेवायची, पिशवीत न्हाय,' हा त्यांचाच नियम. पेटीचा लगदा झाला होता. माझ्या पिशवीतल्या पेटीत सकाळच्या शिकवणीनंतर मोजक्याच काड्या उरल्या होत्या.

मी त्यांचे ओले जाकीट काढले, माझा स्वेटर आणि शाल त्यांना गुंडाळली. सूर्य टेकडीआड गेला होता आणि वारा सुटला होता. तो रेंद्याचा खड्डा नको म्हणून शेजारी दगडावर सैल काटक्या रचल्या, डब्याच्या पोळ्यांभोवतीचा वर्तमानपत्राचा कागद फाडून खाली घातला. पहिली काडी वाऱ्याने विझली. दुसरी मोडली. पुढच्या काडीने कागद पेटला, पण काटक्या सुस्कारा टाकून काळ्या पडल्या. शेवटची काडी मी इतक्या जोरात ओढली की तिचे गूल उडून गवतात पडले.

"काय झालं?" आक्कांनी विचारले.

"काड्या संपल्या."

"आस्सं." त्यांचे दात वाजत होते. "मग... तुझा तो ज्वलनाचा धडा म्हण एकदा. त्यानं पेटतंय का बघू."

हा त्यांचा शेवटचा विनोद होता. त्यानंतर त्या बोलेनाशा झाल्या. मी मोबाइलची टॉर्च लावून पाहिली. काजूच्या दोन झाडांपलीकडे तिचा उजेड पोचत नव्हता. ओरडून पाहिले. पण मला मोठ्याने ओरडता येत नाही... वर्गातही मी माइक वापरते. माझी हाक त्या ओळींत कुठेतरी जिरून गेली. अंधार दाटू लागला, आणि मग एक गोष्ट घडली जिची मला खरी भीती वाटली. आक्कांचे कापणे थांबले.

"झोप यायलीय गं," त्या अगदी हळू म्हणाल्या. तो आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

ओल्या अंगाने, वाऱ्यात, कापणे थांबून झोप येणे म्हणजे शरीरातली ऊब संपत आल्याची खूण, हे मला ठाऊक होते. मी त्यांना हलवले, बोलत राहायला सांगितले, त्यांचे हात चोळले. ते दुपारच्या त्या रेंद्याइतकेच गार होते.

तेव्हा मी विझवलेल्या खड्ड्याकडे गेले. का गेले, हे प्रामाणिकपणे सांगते: आतले कोळसे चाचपून एखादा आतून कोरडा मिळतो का ते पाहायचे होते. कोळसा लाकडापेक्षा लवकर पेट घेतो. पण पेटवायला काय आहे, हा विचार मी केलाच नव्हता. मी गुडघ्यांवर बसले आणि रेंद्यात हात घातला.

वरचा थर गार आणि ओला होता. त्याखाली माझी बोटे कोरड्या राखेत गेली.

मी हात थांबवला. खाली मऊ, बारीक, पिठासारखी राख होती. दुपारी मी हाच खड्डा तळापर्यंत ढवळला होता. मी आणखी खोल गेले, आणि मधल्या बोटाला चटका बसला.

मी दोन्ही हातांनी राख बाजूला केली. आत शेणीचा एक तुकडा होता. तळहाताएवढा, अर्धवर्तुळाकार, जणू मोठ्या शेणीतून मोडून ठेवलेला. वरून करडा, आणि वाऱ्याची झुळूक लागताच कडेने लाल होत जाणारा. त्या उजेडात त्याच्यावर थापणाऱ्या हाताच्या बोटांचे ठसे दिसत होते. तसे ते प्रत्येक शेणीवर असतात.

मी घाबरले नाही, हे सांगितले तर खरे वाटणार नाही, पण तसेच झाले. घाबरायला वेळ नव्हता. खाली दोन काटक्या सरकवून तो तुकडा मी खड्ड्यातच थोडा वर उचलला, उरलेला कागद त्याला भिडवला, बारीक काटक्या सैल ठेवल्या आणि फुंकू लागले. कशी फुंकायची हे मला कुणी शिकवले नव्हते. सकाळी माझ्या फुंकरीने राख फक्त माझ्याच तोंडावर उडाली होती. आता मात्र फुंकर लांब आणि बारीक येत होती. कागदाला जाळ लागला. काटक्या तडतडल्या. मी बोटाएवढ्या फांद्या ठेवल्या, मग मनगटाएवढ्या. सकाळी ज्या लाकडांनी नुसता धूर केला होता, ती पेटली.

आक्कांना ओढत मी जाळाजवळ आणले, त्यांची पाठ माझ्या अंगावर घेतली. बऱ्याच वेळाने त्या पुन्हा कापू लागल्या. मला एवढा आनंद कशानेच झाला नव्हता.

"शेणी कुटनं आणलीस?" त्यांनी डोळे न उघडता विचारले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"वास येतोय की. मी काय शहरात जन्मले व्हय?"

 मी फक्त लाकडे घालत राहिले.

पल्लवी चार माणसे आणि एक खाट घेऊन आली. जाळ खालच्या वळणावरूनच दिसला, असे ती म्हणाली. खाटेच्या पुढच्या बाजूला असलेल्या गृहस्थांनी जागेवर येताच नाक वर करून वास घेतला आणि "शेणी लावलाय काय हो बाई? चांगलं केलासा, लाकडं भिजल्यात सगळी," असे सहज म्हटले. त्यांना त्यात विशेष काही वाटले नाही.

आक्कांना खाटेवर घेतले. आता त्या बऱ्याच शुद्धीत होत्या, कारण निघता निघता त्यांनी मान वळवून मला हुकूम सोडला, "प्रोफेसर! इझवून ये. तशीच टाकून येशील."

ओढ्यावर राहिलेले कॅन पल्लवीने भरून आणून दिले. जाळासमोर मी क्षणभर उभी राहिले. शेणीचा तुकडा केव्हाच जळून गेला होता. निखाऱ्यांत तो वेगळा ओळखू येत नव्हता. बाग दुसऱ्याची होती, वारा होता, भोवती झाडे होती. मी पाणी ओतले. ढवळले. पुन्हा ओतले. तळापर्यंत बोटे घालून पाहिली. गार होते.

आक्कांच्या घोट्याचे हाड मोडले होते. प्लॅस्टर निघाल्यावर त्या पुन्हा मैदानावर आल्या आणि आता काठीने लोकांना दिशा दाखवतात. डॉक्टर म्हणाले, वेळेवर ऊब मिळाली हे बरे झाले.

त्यानंतर मी शक्य तो प्रत्येक खुलासा तपासला. राखेखाली विस्तव रात्रभर जिवंत राहतो, हे शास्त्राला धरूनच आहे. हवा कमी मिळाली की तो मंद जळतो. पण ज्या खड्ड्यात दोन कॅन पाणी ओतून रेंदा झाला, तिथे कोरडी राख राहत नाही. आणि राहिली असे मानले, तरी जी वस्तू आम्ही जाळलीच नव्हती तिचा निखारा कुठून येईल? आम्ही ओढ्यावर असताना कुणी येऊन तो तिथे पुरला असेल का? पल्लवीने राखणदाराला विचारले. तो सगळ्यांसह दुसऱ्या दिवशी परतला होता, आणि बागेत जनावरे नाहीत, शेणी नाहीत. तो गॅसवर स्वयंपाक करतो. शिवाय एखाद्या अनोळखी माणसाने येऊन, आमच्या चिखलाखाली, पेटती शेणी नीट झाकून निघून जावे, हे तरी कोणत्या अर्थाने स्पष्टीकरण आहे? मला भास झाला असेल तर आक्कांना आणि त्या गृहस्थांना वास कसा आला? माझ्या मधल्या बोटावर चटक्याचा डाग अजून आहे. एवढीच माझ्याकडची वस्तुस्थिती. वडिलांनी विचारले असते, "तू सोता बघिटलास काय?" तर मला 'हो' म्हणावे लागले असते.

पुढच्या सुट्टीला मी निपाणीला गेले. आई दारात सुपात तूर निवडत बसली होती. मी तिला सगळे सांगितले, अगदी क्रमाने. तिने मध्ये एकदाही हात थांबवला नाही.

"वरनं चिखल?" सगळे झाल्यावर तिने विचारले.

"हो."

"आन् आत राख कोरडी."

"पिठासारखी."

"मोडकी शेणी, का अख्खी?"

"मोडलेली. एवढी." मी तळहात दाखवला.

आईने माझे बोट धरून डागाकडे पाहिले आणि सोडून दिले. "मग बराबर झाकलीती," ती म्हणाली. जणू शेजारणीच्या भाकरीबद्दल बोलत असावी. थोड्या वेळाने तिने विचारले, "येताना झाकून आलीस काय?"

हाच प्रश्न येईल म्हणून मी इतके दिवस फोनवर हे सांगितले नव्हते.

"नाही आई," मी म्हणाले. "पाणी ओतून आले. दोनदा. हात घालून बघितलं, पार गार केलं."

आईने सूप उचलून एकदा पाखडले. फोलपट उडून अंगणात गेले.

"मग काय झालं?" ती म्हणाली. "त्येच्या आदीबी पाणीच वतलंतंस की."